नववीच्या मुलांकडून कथा लिहून घ्यायचीय, आराखडा झाला की सगळं अडतं. काय करावं?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. मी माध्यमिकच्या मुलांना भाषा शिकवते. यंदा नववीच्या वर्गाकडून प्रत्येकाची स्वतःची एक कथा लिहून घ्यायचं ठरवलंय, साधारण सहाशे शब्द. हातात चार तासिका आहेत, घरी लिहून आणा म्हटलं की निम्म्यांच्या कथा कुठूनतरी उतरवलेल्या किंवा मोबाइलला सांगून लिहून घेतलेल्या येतात म्हणून वर्गातच लिहायचंय.

पहिल्या तासाला आराखड्याचा तक्ता दिला. पात्रं, स्थळ, काळ, समस्या, उत्कर्षबिंदू, शेवट असे रकाने. मुलांनी तो अगदी नीट भरला हो, पण कथा लिहायला बसली की तक्ता राहिला एकीकडे आणि कथा गेली भलतीकडे. साधारण दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे नायकाच्या जन्मापासून सुरुवात, मग शाळा, मग गरिबी, मग अपघात, मग "पंधरा वर्षांनी तो मोठा डॉक्टर झाला" आणि हे सगळं दीड पानात. दुसरा म्हणजे सात-आठ वाक्यांत सगळं सांगून मोकळं, आणि शेवटी "तेवढ्यात त्याला जाग आली". काही मुलं तर "मॅडम सुचतच नाही" म्हणून कोरा कागद घेऊन बसतात.

मला विचारायचंय ते असं की या वयाच्या मुलांना आराखडा नक्की किती आणि कसा करायला सांगायचा? आणि मदत किती करायची? मी दोन गोष्टी सुचवल्या की ती कथा माझीच होते, मुलाची राहत नाही, हे मला अजिबात नकोय. अनुभव असेल त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

पाटीपेन्सिल

ताई, तक्त्यात मुलांचा दोष नाही, तक्ताच मोठा आहे. ते वर चढत जाणारं टोक आणि मग उतार असं जे त्रिकोणी चित्र आपण फळ्यावर काढतो ना, ते गुस्टाव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली नाटकाच्या रचनेबद्दल लिहिताना मांडलं, आणि ते पाच अंकी नाटकांकडे बघून. पाच अंकांचा सांगाडा मुलाच्या हातात दिला की तो पाच अंकांची गोष्ट रचतो, त्यात जन्म येतो, अपघात येतो, पंधरा वर्षं जातात. मग सहाशे शब्दांत ते बसवायला सगळं नुसतं सांगत सुटावं लागतं, घडताना काहीच दाखवता येत नाही.

मी उलट्या बाजूने जातो. आधी जागा किती आहे ते मुलांना मोजून दाखवतो. एक प्रसंग नीट लिहायचा, म्हणजे कोण कुठे आहे, काय बोलतंय, काय करतंय, तर दीडशे-दोनशे शब्द सहज लागतात. म्हणजे सहाशे शब्दांत प्रसंग किती? तीन. फार तर चार. हे एकदा डोक्यात बसलं की मुलं स्वतःच म्हणतात, मग जन्म कशाला लिहू. आणखी एक अट घालतो, कथा एका दिवसाच्या आत संपली पाहिजे. एक संध्याकाळ, एक मधली सुट्टी, एक प्रवास. ही अट मुलांना आधी जाचक वाटते पण हिच्याइतका फायदा दुसऱ्या कशाचा झालेला मी पाहिला नाही.

मग आराखड्याला रकाने नकोत, चार प्रश्न पुरे. कोणाला काय हवंय? ते आत्ताच का हवंय? आड काय येतंय? आणि ते मिळवण्यासाठी ती व्यक्ती स्वतः काय करते? यातला दुसरा प्रश्न मुलं सोडून देतात आणि कथेतला जीव तिथेच जातो. उदाहरण म्हणून मी वर्गात हे घेतो, एका मुलीने मैत्रिणीची वही आणलीय आणि तिच्या हातून त्यावर पाणी सांडलंय. यात अजून काही नाही, हा नुसता प्रसंग झाला. आता म्हणायचं, उद्या सकाळी पहिल्याच तासाला परीक्षा आहे आणि मैत्रिणीचा फोन येतोय, "वही कधी आणून देतेस?" झाली की नाही सुरुवात? आता ती फोन उचलते की वाजू देते हे ठरवायला वर्गात लगेच दोन गट पडतात आणि भांडायला लागतात, आणि ते भांडण हेच नियोजन असतं, फक्त ते आपण फळ्यावर उतरवून घ्यायचं.

"सुचत नाही" वाल्यांसाठी: "कथा सुचव" म्हणूच नका. "कोणाला न सांगितलेली एखादी छोटी गोष्ट" किंवा "दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहिली" अशा प्रसंगांच्या चिठ्ठ्या करा. विषय द्यायचा नाही, अडचण द्यायची. "प्रामाणिकपणा" या विषयावर कोणालाच कथा सुचत नाही, मलाही सुचणार नाही, पण "दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले आणि ते दारातून बाहेर पडल्यावर लक्षात आलं" यावर सगळ्यांना काहीतरी म्हणायचं असतं.

मधलीओळ

पाटीपेन्सिल सरांशी बरंचसं सहमत पण एका बाबतीत वेगळं मत मांडते. मी मुलांनी पाठवलेल्या कथा संपादनासाठी वाचते आणि माझं ठाम मत आहे की प्रत्येक मुलाला आधी आराखडा जमतच नाही आणि जमायची गरजही नाही. काही मुलांना लिहिता लिहिताच कळतं की कथा कशाबद्दल आहे. त्यांच्याकडून आधी आराखडा घेतला तर ती आराखडा एक करतात, मग लिहिताना दुसरंच काही चांगलं सुचतं आणि "पण तक्त्यात तर असं नव्हतं" म्हणून सोडून देतात. हे नुकसान कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा मुलांना आधी पंधरा मिनिटं मोकळं लिहू द्या, मग त्या लिहिलेल्यातून आराखडा काढायला सांगा. लिहिलेल्या प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एका ओळीत लिहायचं की इथे काय घडलं. दोन परिच्छेदांसमोर "काही नाही" असं लिहावं लागलं की मुलाला आपलं आपण कळतं काय कापायचं ते, शिक्षकाने तोंड उघडायची गरज नाही.

या ओळी एकमेकींना जोडताना बघायचं की मध्ये "आणि मग" बसतंय का "पण" किंवा "म्हणून" बसतंय. ती शाळेत गेली आणि मग घरी आली आणि मग जेवली, ही नुसती यादी. तिने वही वाळत घातली, पण शाई पसरली, म्हणून तिने रात्री सगळी वही नव्याने उतरवायला घेतली, पण तिचं अक्षर वेगळं आहे हे मैत्रिणीला कळणारच. आता इथे थांबवत नाही वाचताना. सगळ्या ओळी "आणि मग" ने जोडल्या जात असतील तर आराखडा कितीही सुबक असो, कथा अजून नाही.

लांबीबद्दलही थोडं. अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो यांनी १८४२ मध्येच लिहून ठेवलंय की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा एकच एक ठसा उमटावा, सगळं त्या ठशासाठी असावं. मुलांना मी हे असं विचारते, "वाचून झाल्यावर वाचणाऱ्याला काय वाटायला हवं?" हसू यायला हवं, धाकधूक व्हायला हवी, चुटपुट लागायला हवी, एकच निवड. आणि ते उत्तर आराखड्याच्या सगळ्यात वर लिहून ठेवायचं. मधेच एखादं पात्र घुसवायचं का नाही असा प्रश्न पडला की त्या ओळीकडे बघायचं.

जाग येऊन संपणारा शेवट मात्र वर्गात सरळ बंद करा. मुलं तो आळसाने नाही, भीतीने लिहितात. पात्राला अडचणीत टाकलं पण बाहेर कसं काढायचं ते ठाऊक नसतं.

खिडकीजवळचा_बाक

मी स्वतः दहावीत आहे, मोठ्यांच्या चर्चेत बोलतोय पण राहवलं नाही. आम्हाला कथा लिहायच्या आधी बाजूला बसलेल्याला ती तोंडी सांगायला लावली होती, फक्त दोन मिनिटांत, आणि ऐकणाऱ्याने मधे बोलायचं नाही, शेवटी फक्त कुठे कंटाळा आला आणि कुठे "पुढे काय" वाटलं एवढंच सांगायचं. मला त्याचा खूप म्हणजे खूपच उपयोग झाला कारण सांगताना मी आपोआप सुरुवातीचं सगळं सोडून जिथे मजा आहे तिथूनच सुरू केलं, पण लिहायला बसल्यावर परत "एक मुलगा होता तो खूप हुशार होता" असंच लिहिलं होतं मी. मग मित्र म्हणाला अरे मला सांगताना तर तू असं नव्हतं सांगितलंस. ज्यांना लिहायला जड जातं त्यांच्यासाठी पण हे बरं पडतं, आमच्या वर्गात एकजण लिहिताना खूप अडतो पण त्याने सांगितलेली गोष्ट सगळ्यात भारी होती, मग त्याने मोबाइलवर बोलून रेकॉर्ड केली आणि ऐकत ऐकत लिहिली.

आणि मॅडम एक विनंती, पहिल्या वेळेला वहीत लाल पेनने ऱ्हस्व-दीर्घ काढू नका प्लीज. पान लाल झालं की पुढचं सगळं आम्ही फक्त चुका होणार नाहीत असंच लिहितो, अवघड शब्दच वापरत नाही.

अर्धविराम

बाप रे, किती छान उत्तरं. बाळा, तू बोललास ते फार बरं केलंस, तोंडी सांगायचा प्रकार उद्याच करते.

एक नमुना देते, मुलाला विचारूनच देतेय आणि कथेतलं नाव बदललंय. हा मुलगा मनापासून लिहितो पण असं लिहितो:

"रोहन खूप हुशार मुलगा होता. त्याला लहानपणापासून फुटबॉल आवडायचा. त्याची शाळेच्या संघात निवड झाली नाही. त्याला खूप वाईट वाटले. त्याने घरी खोटे सांगितले. आजोबांना फार आनंद झाला. मग सामन्याचा दिवस उजाडला. आजोबा मैदानावर आले. खरे कळल्यावर त्यांना दुःख झाले. रोहनला आपली चूक समजली. त्याने पुन्हा कधीही खोटे न बोलण्याचे ठरवले."

गोष्ट चांगली आहे ना? मला तर आतून वाटतंय की यात काहीतरी आहे. पण त्याला "सविस्तर लिही" म्हटलं तर त्याने रोहनच्या बुटांचं आणि मैदानावरच्या गवताचं वर्णन वाढवून आणलं. आता याला काय सांगू?

कानामात्रा

अहो यात काहीतरी नाही, यात सगळं आहे. "सविस्तर लिही" हे मात्र कधीच सांगू नका, कारण मुलाला कळत नाही की कुठे सविस्तर, आणि मग तो जिथे सोपं आहे तिथे फुगवतो.

मी या मुलासमोर बसलो असतो तर पेन्सिलने एकाच वाक्याखाली रेघ मारली असती. "त्याने घरी खोटे सांगितले." तीन-चार शब्दांत आटपलंय, पण अख्खी कथा त्या एका क्षणात आहे. मग फक्त प्रश्न. घरात शिरला तेव्हा समोर कोण होतं? आधी कोण बोललं, रोहन का आजोबा? आजोबांनी नक्की कोणत्या शब्दांत विचारलं? रोहनने खोटं बोलायचं ठरवून बोललं का तोंडातून निघून गेलं? बोलताना हात काय करत होते? उत्तरं तोंडी घ्यायची, आणि तो बोलता बोलता जे वाक्य चांगलं बोलेल तिथे म्हणायचं, "हे, अगदी हे असंच लिही." तुमची मदत किती, या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. वाक्य द्यायचं नाही, प्रश्न द्यायचा, आणि असा द्यायचा की ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. "तो रडला असेल ना?" हा प्रश्न नाही, ती सूचना झाली. मुलं लगेच ओळखतात आणि मॅडमना हवं ते लिहून देतात.

दुसरं म्हणजे "वाईट वाटले", "आनंद झाला", "दुःख झाले" ही तीन वाक्यं. ती चूक म्हणून खोडू नका, ती त्या मुलाने स्वतःसाठी केलेली खूण आहे, की इथे भावना आहे. त्याला एवढंच विचारा, कॅमेरा लावला असता तर काय दिसलं असतं? वाईट वाटलेलं दिसत नाही. संघाच्या यादीसमोरून मुलं निघून गेली तरी एकजण तिथेच उभा राहून परत पहिल्या नावापासून वाचतोय, हे दिसतं. पण सगळ्या भावना अशा दाखवायला लावू नका, नाहीतर कथा पुढेच सरकत नाही, फक्त जिथे वळण आहे तिथे.

आणि आराखडा म्हणाल तर त्याचे तीन प्रसंग तयारच आहेत, यादी, दार, मैदान. दाराच्या प्रसंगाला सगळ्यात जास्त जागा द्यायला सांगा, आणि तोच आधी लिहू दे. सुरुवातीपासूनच सुरुवात केली पाहिजे असं काही नाही.

अर्धविराम

कानामात्रा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. मधल्या सुट्टीत त्याला घेऊन बसले, तुमचेच प्रश्न विचारले, आणि पुढच्या तासाला त्याने हे लिहिलं. यातला एकही शब्द माझा नाही, फक्त अवतरणचिन्हं आणि प्रत्येकाचं बोलणं नव्या ओळीवर हे दाखवलं:

"दारातच आजोबा म्हणाले, 'लागली का यादी?'

मी खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागलो. गाठ सुटली तरी सोडतच होतो.

'कितव्या नंबरचा शर्ट मिळाला?'

निवड झाली का असं त्यांनी विचारलंच नाही.

'सात,' मी म्हणालो."

मला वाचून काय वाटलं ते सांगू शकत नाही. "तो" चा "मी" पण त्यानेच केला, मी विचारलं का रे तर म्हणाला, "मॅडम, तो नाडी का सोडतोय ते मला माहीत आहे ना." आता शेवटाशी अडलाय. त्याला अजून "चूक समजली" हेच लिहायचंय.

मधलीओळ

हे फार सुंदर आहे. त्या मुलाला नक्की सांगा की कोणीतरी परत परत वाचलं. "त्यांनी विचारलंच नाही" या वाक्यात आजोबांचा विश्वास पण आला आणि मुलाची सुटका पण बंद झाली.

"तो" चा "मी" झालाय तर एक गोष्ट शेवटपर्यंत तपासायला सांगा. आता आजोबांच्या मनातलं त्याला लिहिता येणार नाही, "आजोबांना दुःख झाले" हे वाक्य आपोआप बाद होतं. त्याला फक्त आजोबा जे करतील, बोलतील तेवढंच दिसेल. बहुतेक मुलं मध्येच हा नियम मोडतात आणि कथा का सैल झाली ते कळत नाही.

शेवट त्याच्या हातातच आहे, त्याला दिसत नाहीये इतकंच. रशियन लेखक चेखॉव्ह यांनी १८८९ मध्ये एका पत्रात लिहिलं होतं की गोळी झाडायची नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. या मुलाने "सात" ठेवलाय. तर त्याला एवढंच विचारा, मैदानावर सात नंबरचा शर्ट कोणाच्या अंगावर आहे? आणि आजोबा कुठे बसलेत, त्यांना पाठ दिसतेय का चेहरा? बस. पुढचं त्याला सुचू दे. दोन-तीन वेगवेगळे शेवट दोन-दोन ओळींत लिहायला सांगा आणि त्यातला जो त्याला स्वतःला कमी अपेक्षित वाटेल तो घ्यायला सांगा, पहिला सुचलेला शेवट शक्यतो नको, तो बहुतेक वेळा सगळ्यांनाच सुचलेला असतो.

"चूक समजली" बद्दल, मुलाशी वाद घालू नका. ते वाक्य लिहू दे, मग त्यावर बोट ठेवून त्याच्या वरपर्यंतच मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, वाचणाऱ्याला कळलं का? कळलं असेल तर तो स्वतःच खोडेल. खोडलं नाही तरी राहू दे, कथा त्याची आहे.

अर्धविराम

सात नंबरचा प्रश्न विचारला. नुसता बघत राहिला माझ्याकडे, मग वही घेऊन जाग्यावर गेला आणि तास संपल्याची घंटा झाली तरी लिहीत होता. वाचायला अजून दिलेली नाही, म्हणतो पूर्ण झाल्यावरच.

एकच शेवटचा प्रश्न. हे सगळं मार्कांत कसं बसवायचं? उपक्रमाचे दहा मार्क आहेत, आणि पस्तीस मुलं.

पाटीपेन्सिल

पहिल्या खर्ड्याला मार्क देऊच नका, त्यावर फक्त एक प्रश्न लिहा, एकच, आणि तो अक्षराबद्दल नको. पस्तीस प्रश्न लिहायला एक संध्याकाळ लागते, पस्तीस वह्या तपासायला आठवडा. मी दहापैकी चार मार्क पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्यात काय बदललं त्याला ठेवतो, म्हणजे मुलाने दोन्ही जोडून द्यायचे, त्यामुळे उतरवलेली किंवा मोबाइलने लिहून दिलेली कथा आपोआप मागे पडते कारण तिला पहिला खर्डाच नसतो. चार मार्क प्रसंगांना, म्हणजे निदान एक प्रसंग घडताना दिसतोय का. उरलेले दोन शुद्धलेखन आणि विरामचिन्हांना, ते अगदी शेवटच्या प्रतीत, आणि त्यासाठी वेगळी अर्धी तासिका द्या, जोड्या करून एकमेकांची प्रत तपासू दे. कथा बदलत असताना वेलांट्या सुधारत बसलं तर जे वाक्य उद्या जाणारच आहे त्याच्यावर मेहनत वाया जाते. शीर्षक सगळ्यात शेवटी घ्या, आणि ते "खोटे बोलण्याचे परिणाम" असं येऊ देऊ नका.

चार तासिकांचं म्हणाल तर पहिली तोंडी सांगण्यात आणि चार प्रश्नांत, दुसरी सलग लिहिण्यात, तिथे कोणी बोलायचं नाही, तिसरी तुमच्या प्रश्नावरून बदल करण्यात आणि चौथी अर्धी शुद्धलेखनाला, अर्धी वाचनाला. वाचायची सक्ती नको, ज्यांना वाचायचंय ते वाचतील. आणि त्या मुलाची पूर्ण झाली की इथे टाका, त्याची परवानगी असेल तर.